हार्ड डिस्कची वाटणी

संगणकावर लिहिलेला मजकूर व साठविलेली चित्रे ज्या भागात कायम राहतात, त्यास हार्ड डिस्क म्हणतात. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने पहिली हार्ड डिस्क असलेला संगणक पुढे आणला. त्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख रोमन अक्षरे मावत. आजच्या एक टेराबाइटच्या डिस्कवर त्याच्या सुमारे २ लाख पट अक्षरे मावतात. हे विस्तीर्ण शेत एकसलग ठेवावे, की त्यात बांध घालावेत?

एके काळी हा प्रश्न निवडीचा नव्हता. १९८० नंतरच्या काही वर्षांत डॉस या प्रणालीला ३२ मेगाबाइटहून मोठा विभाग हाताळता येत नसे. त्यामुळे मोठ्या डिस्कची वाटणी करणे भागच पडे. आज तशी सक्ती उरलेली नाही.

वाटणी करणे म्हणजे डिस्क कापणे नव्हे. डिस्कच्या आरंभी एक लहानशी नोंद असते. कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे तीत लिहिलेले असते. जुन्या पद्धतीच्या नोंदीत चारच मुख्य विभाग मावत. नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ मावतात.

वाटणीचे लाभ आहेत. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली नांदवायच्या असल्यास प्रत्येकीला स्वतंत्र विभाग हवा. शिवाय प्रणाली बिघडली, तर तिचाच विभाग पुसून ती पुन्हा बसविता येते. दुसऱ्या विभागातील कागदपत्रांस धक्का लागत नाही. परंतु बांध घातल्याने जमीन वाढत नाही. एका विभागातील जागा संपली, तर शेजारची मोकळी जागा सहजासहजी त्याच्या कामी येत नाही. म्हणून डिस्क लहान असल्यास वाटणी करू नये. ती मोठी असल्यास बहुधा दोन विभाग पुरतात. त्यांपैकी प्रणालीच्या विभागात भरपूर जागा राखावी. काम चालू असता वीज जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

मात्र एक गोष्ट विसरू नये. पूर आला की बांधाच्या दोन्ही बाजूंचे पीक वाहून जाते. तसेच डिस्क निकामी झाली की तिचे सारे विभाग एकदमच जातात. आजोबांच्या पत्रांची छायाचित्रे एका विभागातून दुसऱ्यात उतरविली, तरी ती सुरक्षित झाली असे नव्हे. प्रत वेगळ्या साधनावरच हवी. वाटणीचा निर्णय सवडीने घ्यावा. प्रत मात्र त्याआधीच करून ठेवावी.