पणजोबांच्या मागची नावं कुठे शोधाल?

मुंबईतल्या दिंडोशीत राहणाऱ्या कितीतरी घरांचं मूळ कोकणात किंवा घाटावर आहे, पण पणजोबांच्या पलीकडची नावं क्वचितच कुणाला सांगता येतात. जनगणनेत ती सापडतील या आशेवर राहू नका. आपल्याकडे जनगणना 1872 पासून होते खरी, पण 1948 च्या कायद्याने घरोघरच्या नोंदी गोपनीय आहेत. इंग्लंडमध्ये त्या 100 वर्षांनी खुल्या होतात, तसं इथे नाही.

खरा खजिना तहसील कचेरीत: गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू त्यात नोंदलेले असतात. जुनी पानं बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत हवाच. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्याही बघा. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की शोध सुरू होतो.

साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची बाप्तिस्म्याची वही आहे. बाळासोबत आई-वडील आणि धर्म-मातापित्यांची नावं तिच्यात मिळतात. आईचं नाव टिकतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मात्र कचेरी गाठण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला गाव, वाडी, कुलदैवत विचारून आजच लिहून ठेवा.