मूल परदेशी न्यायचं, तर परवानगी कोणाची?

घटस्फोटानंतर मुलाला घेऊन परदेशी जाऊ पाहणाऱ्याची पहिली परीक्षा पासपोर्टच्या अर्जातच होते. मूल अल्पवयीन असेल, तर आई-वडील दोघांच्या संमतीचं 'ॲनेक्शर डी' लागतं. एकाचीच संमती असेल, तर 'ॲनेक्शर सी' भरून त्याचं कारण द्यावं लागतं.

ताब्याचा आदेश हातात असला, तरी तो सीमेपलीकडे आपोआप चालत नाही. म्हणून न्यायालयं 'मिरर ऑर्डर' मागतात: दुसऱ्या देशातल्या न्यायालयानं त्याच अटींचा काढलेला आदेश.

तोही फसू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका मुलाचा ताबा केनियातल्या वडिलांना दिला. अट होती नैरोबीच्या मिरर ऑर्डरची, शिवाय एक कोटी रुपयांच्या ठेवीची. मूल तिकडे गेलं आणि वडिलांनी तिथल्या न्यायालयात भारतीय निकालालाच आव्हान दिलं. आईची मुलाशी भेट तुटली. वर्षभरात सर्वोच्च न्यायालयानं आपला आदेश मागे घेतला आणि मुलाला परत आणण्यासाठी सीबीआयला कामाला लावलं.

परवानगीविना नेलेलं १६ वर्षांखालचं मूल त्याच्या नेहमीच्या देशात तातडीनं परत पाठवावं, असं १९८० चा हेग करार सांगतो. शंभरावर देश त्यात आहेत. विधी आयोगानं २००९ मध्येच शिफारस करूनही भारत अजून बाहेर आहे, आणि ही दिरंगाई मुलांना महागात पडते. परदेशातून इथे आणलेल्या मुलाबाबत आपली न्यायालयं 'मुलाचं हित' पाहून प्रत्येक प्रकरण वेगळं तोलतात. त्यात वर्षं जातात.