मण्यांचा झगा, आरीचा ब्लाउज

लग्नसराईत पहूर-जामनेरकडे नवरीच्या साडीइतकीच चर्चा तिच्या ब्लाउजवरच्या आरी वर्कची होते. ‘हे परदेशी फॅड’ असा शेराही ठरलेला. तो साफ चुकीचा आहे.

आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. कापड चौकटीवर ताणायचं, दोरा खालच्या हातात धरायचा, वरून आरी टोचून तो वर ओढायचा, की साखळीटाका पडतो. कच्छच्या मोची कारागिरांनी या कामात नाव मिळवलं. अठराव्या शतकात ही पद्धत पूर्वेकडून युरोपात गेली. पुढे फ्रान्समधल्या ल्युनेव्हिलला कापड उलटं ताणून, दोऱ्यात आधीच ओवलेले मणी टाक्यागणिक बसवू लागले. १९२०च्या दशकातले पार्टीचे मणीदार झगे याच हातोटीने सजले.

त्या झग्यांबद्दलही गैरसमज आहेतच. ते मांडीपर्यंत आखूड आणि नुसत्या झालरींचे होते, ही सिनेमाने रुजवलेली समजूत. खरं तर दशकाच्या सुरुवातीला ते पोटरीखाली जात. सर्वांत आखूड झाले ते १९२६-२७च्या सुमारास, तेही गुडघ्याच्या आसपास. झालरीपेक्षा काचेच्या मण्यांची नक्षी जास्त असे. १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडल्यावर त्या नक्षीत इजिप्तची चित्रंही आली.

‘आपल्या बायकांचा फॅशनमधल्या या बदलाशी काय संबंध?’ असं विचारणाऱ्यांनी इंदिराराजेंची गोष्ट वाचावी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची ही मुलगी. सयाजीराव मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. १९१३ साली इंदिराराजे लग्न होऊन कूचबिहारच्या घराण्यात गेल्या, १९२२ साली विधवा झाल्या. शिफॉनच्या साडीची फॅशन रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्याच काळात युरोपातले मणीदार झगेही शिफॉन, जॉर्जेटसारख्या तलम कापडावर होत होते. वैधव्य म्हणजे अंधारी खोली, असं मानलं जाणाऱ्या काळात ही बाई राज्याचा कारभार सांभाळत स्वतःच्या आवडीने नेसत होती. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि शिवलेला ब्लाउज इंग्रजांनी आणला म्हणाल, तर जळगावहून पहूरमार्गे अजिंठ्याला जा. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातली नर्तकी पाहा. तिच्या अंगात शिवलेलं वस्त्र आहे.

एक विनंती. मण्यांचं जड काम असलेला ब्लाउज हँगरला टांगू नका. वजनाने कापड फाटतं. म्हणूनच संग्रहालयांत ते जुने झगे आडवे ठेवतात. मऊ सुती कापडात गुंडाळून तोही आडवाच ठेवा.