लठ्ठपणा : समज, गैरसमज आणि 'मत्तञ्ञुता'

आपल्या भागात माणूस अंगाने भरला की लोक म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतो." ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या अर्धपोटी दिवस काढले, त्याला सुटलेले पोट भरभराटीचे लक्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु हा समज आता महागात पडत आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व गुडघेदुखी यांना लठ्ठपणा आमंत्रण देतो.

लठ्ठपणा ओळखावा कसा? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांच्या बाबतीत उत्तर २३ किंवा अधिक आल्यास वजन जास्त, २५ किंवा अधिक आल्यास लठ्ठपणा समजतात. उदाहरणार्थ, १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो असेल तर उत्तर २५ येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष या २५ च्या रेषेवर किंवा तिच्या पुढे आहेत. कंबरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा.

भंडारा हा धानाचा जिल्हा. दिवसभर चिखलात रोवणी करणाऱ्याला दोन्ही वेळचा भात पचतो. पण आपली मुले शिकली, खुर्चीवर बसून काम करू लागली. सायकलीची जागा मोटारसायकलने घेतली. श्रम घटले, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. वर आलुबोंडा आहेच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेतला तर पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते.

संयुक्त निकायात कोसलराज प्रसेनजिताची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. जो जागरूकपणे, प्रमाणात जेवतो त्याच्या वेदना कमी होतात, एवढेच सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा रोज जेवताना म्हणावयास सांगितले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला व शरीर हलके झाले. हीच भोजनातील मत्तञ्ञुता, म्हणजे प्रमाणाची जाण.

यातून दोन धडे मिळतात. उपाशी राहू नये, सवय हळूहळू बदलावी. आणि लठ्ठ माणसाची टिंगल न करता त्याला सोबत द्यावी. भात थोडा कमी करून वरण, भाजी वाढवावी. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालावे. दारूनेही वजन वाढते, म्हणून पाचवे शील आरोग्याचेही शील आहे.

दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर वजन व रक्तदाब तपासण्याची प्रथा तरुणांनी सुरू करावी. शिक्षणाने मिळवलेले आयुष्य निरोगीपणे जगणे, हेही आपले कर्तव्य आहे.