बोन्साय : शोकेसमधलं नव्हे, अंगणातलं झाड

आज आपण बोन्सायबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात आमच्या फजितीपासून करतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

आमचा गट दिंडोरी तालुक्यातला, १० जणींचा. नाशिकला एका प्रदर्शनात बोन्सायच्या कुंडीला चांगला भाव मिळताना आम्ही पाहिलं. गटाच्या बचतीतून ८ तयार झाडं आणली. एवढी महागाची वस्तू अंगणात कशी ठेवायची? अंगणात शेळ्या, कोंबड्या, पोरं. म्हणून कुणी टीव्हीशेजारी ठेवली, कुणी देव्हाऱ्याजवळ, कुणी कपाटावर. महिनाभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. पाणी कमी पडलं असेल, असं समजून आम्ही आणखी पाणी घातलं. ८ पैकी ५ झाडं गेली. त्या महिन्यात एका ताईला खतासाठी कर्ज द्यायचं ठरलं होतं, तिला थांबावं लागलं. बैठकीत वही उघडली तेव्हा कुणी कुणाकडे बघेना.

आणि जगलेली ३ कुठली? ज्या ताईच्या घरात ठेवायला जागाच नव्हती, तिने ती बाहेर ओट्यावर ठेवली होती. तीच जगली.

तिथे आम्हाला कळलं, की बोन्साय ही झाडाची वेगळी जात नाही. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे पसरट भांडं आणि 'साय' म्हणजे लावलेलं रोप. मराठीत आपण वामनवृक्ष म्हणतो. झाड तेच, आपल्या बांधावरचं. त्याला ऊन, वारा आणि दव लागतंच. भांडं लहान केलं म्हणून त्याची भूक बदलत नाही.

काही जणी विचारतात, "झाडाला असं खुजं ठेवणं म्हणजे उपाशी मारणं नाही का?" नाही. उपाशी झाड मरतं. बोन्सायला खत-पाणी नेमाने द्यावं लागतं, फक्त शेंडा आणि मुळं छाटून आकार राखायचा असतो. जपानमधल्या हिरोशिमात एक पाइनचं झाड १६२५ पासून कुंडीत वाढवलेलं होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते बागेच्या भिंतीआड होतं, म्हणून वाचलं. १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं. उपाशी ठेवलेलं झाड इतकी वर्षं काढेल का? लांब कशाला, आपल्या पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांनी ३ हजारांहून जास्त बोन्साय झाडांचं प्रदर्शन मांडलं होतं. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

झाड कोणतं निवडायचं?

आपल्या हवेत आपोआप वाढणारं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी नांद्रुक घ्यावा. पान लहान, छाटलं तरी लवकर फुटतो, थोडी चूक सोसतो. वड, पिंपळ, उंबरही चालतात, पण पान मोठं असतं, म्हणून कुंडी थोडी मोठी घ्या. चिंच, बोगनवेल आणि डाळिंब उन्हाला पक्की. थंड मुलखातली पाइनची झाडं दिसायला देखणी असतात, पण आपल्या मे महिन्यात त्यांचे हाल होतात. ती घेऊ नका.

विकत घेताना आधी बुंधा बघा. खाली जाड आणि वर निमुळता हवा. मातीच्या वर मुळं चारी बाजूंनी पसरलेली हवीत. झाड हलकेच हलवून बघा. डगमगलं तर ते नुकतंच कुंडीत बसवलेलं आहे, मुळं धरलेली नाहीत. कुंडी उचलून खालची भोकं बघा. फांदीत तार रुतलेली असेल तर सोडून द्या.

फुकटचं रोप हवं असेल तर जुन्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात उगवलेले पिंपळ-उंबर बघा. भिंत फुटेल म्हणून ते काढावेच लागतात. मालकाला विचारून पहिल्या पावसानंतर मुळासकट काढा. जंगलातून मात्र एकही रोप उपटू नका.

माती आणि कुंडी

आपली काळी माती इथे नको. ती पावसात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चाळलेली पोयट्याची माती, विटांचे बारीक खडे आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात घ्या. विटांची भुकटी चाळून काढून टाका, नाहीतर भोकं बुजतात. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवा.

लहान झाडाची कुंडी एक-दोन वर्षांनी बदलावी. वड, उंबर, नांद्रुक यांना पावसाची सुरुवात चांगली. मुळांचा फार तर एक तृतीयांश भाग छाटा, मग १५ दिवस झाड सावलीत ठेवा आणि महिनाभर खत देऊ नका.

जागा आणि पाणी

सकाळचं ऊन चार-पाच तास मिळेल अशी जागा निवडा. एप्रिल-मे मध्ये पसरट कुंडी तव्यासारखी तापते, तेव्हा दुपारी शेडनेटची सावली करा. निफाडकडे थंडीचा कडाका पडतो, तिथे हिवाळ्यात कुंड्या भिंतीलगत उन्हात ठेवा. कुंडी विटांच्या चौथऱ्यावर ठेवली की शेळ्यांचं आणि कोंबड्यांचं भय कमी होतं.

पाणी घड्याळ बघून घालू नका. मातीत बोट घाला. वरचा थर कोरडा लागला तरच घाला, पण खालच्या भोकातून निघेपर्यंत घाला. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा लागेल. हिवाळ्यात कधी एक दिवसाआडही पुरतं. पावसाच्या झडीत कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवा, पाणी वाहून जाईल. टंचाईच्या गावात भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं चालत नाही.

छाटणी

इथे आपल्याला कुणी शिकवायला नको. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी आपल्याच हातांनी होते. डोळा ज्या दिशेला, फुटवा त्या दिशेला, हे आपल्याला माहीत आहे. इथेही तेच. फांदीला सहा-सात पानं आली की दोन-तीन ठेवून शेंडा खुडा. वड, नांद्रुकाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. वळण देण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळली तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. रुतायला लागली की तुकडे करून काढा, उलगडू नका. साल निघते.

पिठ्या ढेकूण दिसला तर द्राक्षबागेतल्यासारखी लगेच दखल घ्या. एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा.

पैशाचं काय?

खरं सांगतो, यात पटकन पैसा नाही. विकण्याजोगं झाड व्हायला तीन-चार वर्षं लागतात. यासाठी कर्ज काढू नका. आम्हीही आता विकतची झाडं आणत नाही, भिंतीतली रोपं वाढवतो. आमच्याकडे २२ कुंड्या आहेत. पाणी घालायचं काम सगळ्यांचं होतं तेव्हा कुणाचंच नव्हतं. आता प्रत्येक कुंडी एकीच्या नावावर आहे आणि ती माहेरी गेली की कोण बघणार, तेही वहीत लिहिलेलं असतं.

आमचा डोळा वटपौर्णिमेवर आहे. दरवर्षी बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात, दुसऱ्या दिवशी त्या उकिरड्यावर जातात. त्याऐवजी कुंडीतला जिवंत वड दारात ठेवून पुजता आला तर? शहरातल्या बायका तो घेतील, असं आम्हाला वाटतं. आमचे ६ वड तयार होतायत, अजून दोन वर्षं लागतील.

तुमच्या पुढच्या बैठकीत एकीने एकच रोप आणा आणि ते कोण सांभाळणार ते लिहून ठेवा. सुरुवातीला तेवढं पुरे.