शीतगृह कुठे बांधायचे? मोजपट्टी बाजूला ठेवा

डाळिंब-द्राक्षांसाठी सोलापूर परिसरात एकच मोठे शीतगृह बांधायचे आणि सगळा माल रेल्वेने आणायचा, असे ठरले तर जागा कोणती निवडाल? बहुतेक जण आधी किलोमीटर मोजायला बसतील. गंमत म्हणजे त्याची गरजच नाही.

बार्शी लाइट रेल्वेचा जुना मार्ग पाहा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही नॅरो गेज गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला गेली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूर मुख्य मार्ग तिला छेदतो. फांद्या फुटतात, पण कुठेही फेरा पूर्ण होत नाही. गणितात अशा जाळ्याला ‘वृक्ष’ म्हणतात.

आता समजा, मालाचे शंभर वाटे आहेत : लातूर 20, बार्शी 25, मिरज 15, पंढरपूर 20, सोलापूर 10, कुर्डुवाडी 10. टोकाचे गाव घ्या. त्याचा वाटा निम्म्याहून कमी असेल, तर तो शेजारच्या गावात मिळवा आणि टोक पुसून टाका. लातूर बार्शीत गेले, 45 झाले. अजून निम्मे नाहीत, म्हणून तेही कुर्डुवाडीत. मिरज पंढरपुरात गेले, 35 झाले, तेही कुर्डुवाडीत. सोलापूरचे तेच. उरली कुर्डुवाडी; शीतगृह तिथेच. पंढरपूरचे 10 वाटे बार्शीकडे वळले, तर लातूर-बार्शी मिळून 55 होतात आणि जागा बार्शीला जाते. कारण सरळ आहे : निम्म्याहून जास्त माल ज्या बाजूला, तिकडे सरकले की एकूण वाहतूक घटते, मग अंतर कितीही असो.

ही रीत ए. जे. गोल्डमन यांनी 1971 मध्ये मांडली. त्याआधी, 1962 मध्ये, चीनचे गणिती हुआ लुओगंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचे खळे कुठे असावे, या प्रश्नातून हाच विचार केला होता.

अपघातानंतर धावणारी मदतगाडी ठेवायची असेल, तर मात्र प्रश्न बदलतो. तिथे सर्वांत लांबच्या गावाला किती वेळ लागेल, हे पाहावे लागते आणि मोजपट्टी परत हातात घ्यावी लागते. कोणत्याही गावाहून सर्वांत दूरचे ठिकाण शोधा, तिथून पुन्हा सर्वांत दूरचे. या दोन टोकांचा मध्य हे उत्तर. इथे टोके लातूर आणि मिरज. मिरजेची बाजू लांब असल्याने हा मध्य कुर्डुवाडी सोडून पंढरपूरच्या दिशेला सरकतो.

रस्त्यांच्या जाळ्यात फेरे असतात. तिथे अनेक केंद्रांच्या जागा ठरवणे संगणकालाही जड जाते, हे करीव आणि हकिमी यांनी 1979 मध्ये दाखवले. वृक्षावर मात्र तेच काम झटपट होते.

तेव्हा गावात गोदाम, दवाखाना किंवा संकलन केंद्राच्या जागेवरून वाद पेटला, तर आधी एकच विचारा : एकूण खर्च वाचवायचा आहे की शेवटच्या घरापर्यंत लवकर पोहोचायचे आहे? हे ठरल्याशिवाय ‘मध्यवर्ती जागा’ या शब्दांवर कुणीही सही करू नये.