पंधरा किलोमीटर, पंचेचाळीस दिवस

डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली की ठाणं अर्ध्या तासाच्या आत. अंतर जेमतेम १५ किलोमीटर. पण डोंबिवलीच्या एखाद्या काकांना आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठाण्यातल्या मित्राला विकायचं असेल, तर तेवढ्याच प्रवासाला किमान ४५ दिवस लागतात. आणि यात मध्य रेल्वेचा काहीएक दोष नाही!

हा हिशेब शस्त्र अधिनियम, १९५९ मधल्या कलम ५चा. पहिली गंमत ही की, अशी खासगी विक्री आपल्याकडे चालते. स्वतःच्या वापराचं शस्त्र विकायला दुकानदाराचा परवाना लागत नाही. मात्र घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा. शिवाय काकांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं: अमुक शस्त्र विकतोय, घेणाऱ्याचं नाव हे, पत्ता हा. कळवल्यावर ४५ दिवस गप्प बसायचं. मैत्री कितीही जुनी असो, ‘आज घेऊन जा, कागदाचं नंतर बघू’ हे वाक्य इथे थेट गुन्ह्याकडे नेतं.

मग पार्सल करून टाकावं का? नको. परवानाधारक आपलं शस्त्र स्वतःबरोबर नेऊ शकतो, पण परक्याच्या हाती सोपवून पाठवायचं म्हटलं की वाहतुकीच्या वेगळ्या परवान्याचा विषय निघतो. थोडक्यात, जुना फ्रिज टेम्पोत घालून देता येतो, रिव्हॉल्व्हर नाही. बंदुकांची रेलचेल असलेल्या अमेरिकेतही टपालखात्याला हे वावडं जुनंच. अंगावर लपवता येतील अशी शस्त्रं सामान्य नागरिकाने टपालाने पाठवू नयेत, असा कायदा तिथे १९२७ मध्येच झाला. खासगी वाहतूकदारांना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही.

परवान्याचा अर्ज कोणत्या साहेबांकडे, हा ठाणे जिल्ह्यातला खरा कोड्याचा प्रश्न. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१चं. ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट अशी त्याची पाच परिमंडळं. या हद्दीत शस्त्र परवान्याचे साहेब म्हणजे पोलीस आयुक्त. मुरबाड-शहापूरकडे गेलात की पोलीस असतात ठाणे ग्रामीणचे आणि परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा. ऐरोली जिल्ह्याने ठाण्यात, पण पोलिसांच्या नकाशात नवी मुंबईत. मीरा-भाईंदर तर ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारसोबत वेगळ्या आयुक्तालयात. एक जिल्हा, चार पोलीस हद्दी. घर बदलणाऱ्या परवानाधारकाने नव्या फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारण्याआधी हद्द विचारलेली बरी.

एका माणसाला किती शस्त्रं? पूर्वी तीन. २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन. तिसरं असेल त्यांना ते जमा करायला एक वर्ष दिलं होतं. आजोबांची आठवण म्हणून ठेवलेली बंदूकही या दोनातच मोजली जाते. कायदा भावना मोजत नाही, नळ्या मोजतो. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली.

वारसाहक्काचा नियमही मजेशीर आहे. मालक ७० वर्षांचा झाला, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, की त्याला हयातीतच आपला वारस सुचवता येतो. अर्थात वारसाला शस्त्राआधी परवाना मिळवावा लागतो. मालक गेलाच तर घरच्यांनी बंदूक कपाटात ठेवून तेरावं उरकायचं नसतं. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. हे न कळल्यामुळे एखादं सरळमार्गी कुटुंब नकळत बेकायदा शस्त्र बाळगत बसू शकतं.

आता जरा शब्दांची गंमत. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिले. म्हणजे पाव, बटाटा आणि काडतूस एकाच जहाजातून उतरले म्हणायचे. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं जिंकलं. पोर्तुगीज गेले, शब्द राहिले. ‘परवाना’ फारसीतून आला. ‘घोडा’ मात्र अस्सल घरचा: बंदुकीत तो एक भाग, मुंबईच्या टपोरी बोलीत अख्खं पिस्तूल. आणि ‘कट्टा’? ठाण्यात कट्टा म्हटलं की सुसंस्कृत माणसाला अत्रे कट्टा आठवतो, गुन्हे वार्ताहराला गावठी पिस्तूल. दोन्हींचा बार कधी उडेल सांगता येत नाही.

काडतुसावरून आठवलं. कल्याणच्या पुढे, कर्जतच्या लोकलने अंबरनाथ आलं की तिथे देशाची आयुधनिर्माणी आहे. रोज तिच्या जवळून जाणाऱ्या चाकरमान्यांना तिची आठवण होते ती बहुधा रिक्षावाल्याला पत्ता सांगताना.

पिस्तुलं पाठवण्याची या मुलखाशी जोडलेली सर्वांत थरारक गोष्ट मात्र बेकायदा आहे, आणि ती ११५ वर्षांहून जुनी आहे. १९०९ मध्ये लंडनच्या इंडिया हाऊसमधून २० ब्राऊनिंग पिस्तुलं मुंबईला निघाली. पाठवणारे विनायक दामोदर सावरकर, आणणारा तिथला आचारी चतुर्भुज अमीन. पेटीला खोटा तळ होता, पिस्तुलं त्याखाली. ही पेटी सुखरूप पोचली. त्या खेपेतल्या एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वेध घेतला. नाटक होतं ‘शारदा’. गोळी झाडणारे अनंत कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी झाली, ती ठाण्याच्या तुरुंगात. तो तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. पुढे या पिस्तुलांच्या खटल्याचा धागा थेट सावरकरांपर्यंत गेला.

त्या वेळी लागू होता लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८चा शस्त्र कायदा. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला सूट! हा भेद इतका झोंबला की काँग्रेसच्या सुरुवातीच्या ठरावांतही या कायद्याविरुद्ध आवाज उठला. फासावर जाताना अनंत जेमतेम १८ वर्षांचा होता. आजच्या कायद्याने शस्त्र परवान्यासाठी किमान वय २१ लागतं.

सूट म्हणाल तर आजही एक आहे. कर्नाटकातल्या कोडगूमधल्या कोडव समाजाला परवान्यातून सवलत आहे, आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. आपल्याकडे तसलं काही नाही. दसऱ्याला शस्त्रपूजा करायला बंदी नाही, पण पूजेतली बंदूक परवान्याचीच हवी.

परवाना आहे म्हणून कुठेही मिरवता येतं, असं नाही. रिव्हॉल्व्हर न्यायचं तर होल्स्टरमध्ये, झाकून, ताब्यात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर गर्दी आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे ते न्यायचंच नाही, ही अट परवान्यावरच असते. म्हणजे गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर शोभायात्रेत फेटा चालेल, लेझीम चालेल, कमरेचं रिव्हॉल्व्हर नाही. विसर्जनालाही तेच. आणि हळदीत डीजेच्या ठेक्यावर हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ पासून खास तरतूद आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आहेराच्या पाकिटांतून हा दंड भरून निघणं कठीण.

निवडणूक आली की परवानाधारकांची आणखी एक फेरी. आचारसंहिता लागताच छाननी समिती ठरवेल त्यांनी शस्त्रं पोलिसांकडे जमा करायची, निकालानंतर परत आणायची. बँकांचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धांतले नेमबाज सहसा यातून सुटतात. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, महापालिका असं एकामागून एक सुरू असतं, त्यामुळे काही रिव्हॉल्व्हरं मालकापेक्षा ठाणे अंमलदारालाच जास्त ओळखत असावीत!

एवढं सगळं वाचून ‘काहीतरी हाताशी असावं, पण कटकट नको’ असं वाटत असेल, तर कायद्याने तीही सोय केली आहे. कलम २ मधली शस्त्राची व्याख्या घरगुती किंवा शेतीच्याच वापराच्या वस्तू वगळते, आणि उदाहरण म्हणून दोनच नावं देते: लाठी आणि चालताना टेकायची साधी काठी. ती विकायला ४५ दिवस लागत नाहीत, आणि कुरिअरनेही पाठवता येते.